एक राउटर आणि दोन कन्सोल

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ह्या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. उधन्याहून नंदुरबार व अमळनेरवरून जळगावास जाणाऱ्या लोहमार्गाने ही माणसे आली, यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत राबली, आणि एका खोलीवर दुसरी खोली चढवीत येथेच स्थिरावली. अशा एखाद्या दुमजली घराची कल्पना करावी. खाली धाकट्या भावाचे बिऱ्हाड, वर थोरल्याचे. चुली वेगळ्या झालेल्या असल्या तरी पाण्याची टाकी एक, विजेचे मीटर एक आणि इंटरनेटची जोडणीही एकच. दोन्ही बिऱ्हाडांतील मुलांपाशी एकेक एक्सबॉक्स आहे. रात्रीची जेवणे आटोपली की दोघे चुलतभाऊ जळगावच्या आतेभावास सोबतीला घेऊन ऑनलाइन खेळावयास बसतात, आणि येथेच घरातील शांततेचा भंग होतो.

वरचा एकटा बसला तर खेळ सुरळीत चालतो. खालचा एकटा बसला तरी चालतो. दोघे एकदम बसले की ज्याने यंत्र मागाहून लावले त्याच्या पडद्यावर ‘स्ट्रिक्ट’ असा शब्द उमटतो. त्याला जळगावच्या भावाचा आवाज ऐकू येत नाही, कधी त्याच्या चमूत शिरताच येत नाही, तर कधी खेळ मध्येच तुटतो. मग जिन्यावरून हाका सुरू होतात. खालच्याने बंद करावे, नाहीतर वरच्याने करावे. दोन-चार रात्री असे झाल्यावर वडीलधारे त्यात पडतात, ‘वेग अपुरा पडतो’ असे निदान होते, आणि शंभर मेगाबिटची जोडणी तीनशेची करण्यात येते. मासिक खर्च वाढतो. पडद्यावरचा शब्द मात्र हलत नाही.

तो हलणार नव्हताच. खेळ चालू असताना कन्सोल बाहेर जे पाठवतो त्यात चित्र नसते. चित्र तो स्वतःच, घरातल्या घरात रेखाटीत असतो. तारेवरून जाते ते एवढेच, की खेळाडू कोठे उभा आहे, कोणत्या दिशेस वळला आणि त्याने कोणती कळ केव्हा दाबली. एवढ्या निरोपास सेकंदाला काही दशके किंवा फार तर काही शतके किलोबिट पुरतात. शंभर मेगाबिट म्हणजे एक लक्ष किलोबिट. तेव्हा दोनच काय, दहा कन्सोल लावले तरी खेळापुरती ही जोडणी रिकामीच राहील. नवा खेळ उतरवून घ्यावयाचा असेल तेव्हा गोष्ट निराळी. त्याचा आकार पन्नास-शंभर गिगाबाइटांपर्यंत जातो आणि तेथे वेगाचा उपयोग आहे. पण दोन चुलतभावांच्या भांडणाचे मूळ वेगात शोधणे म्हणजे पत्र पोचत नाही म्हणून टपालवाल्यास अधिक वेगवान सायकल घेऊन देण्यासारखे आहे. प्रश्न पत्त्याचा आहे.

इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्रास एक पत्ता लागतो. १९८१ साली ह्या पत्त्यांची जी पद्धत मुक्रर झाली, आणि जी आजही बहुतांशी चालू आहे, तीत पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा ठरविण्यात आला. त्या हिशेबाने एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ होतात. काही मोजक्या विद्यापीठांना व सरकारी कार्यालयांना जोडावयाचे असताना ही संख्या अमर्याद वाटली असल्यास नवल नाही; तथापि त्या वेळच्या जगाची लोकसंख्यादेखील ह्याहून अधिक होती. माणशी एक पत्ता देण्याचे सामर्थ्य ह्या पद्धतीत पहिल्या दिवसापासूनच नव्हते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोपर्यंत पत्त्यांची टंचाई येणार हे जाणत्यांच्या ध्यानात आले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे गठ्ठे पाचही खंडविभागांना वाटून देण्यात आले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाने आपला हात आखडता घेतला. ज्यांच्या वाट्याला आधी भरपूर पत्ते आले ते देश निभावून गेले. जेथे कोट्यवधी ग्राहक त्यानंतर आले, अशा आपल्यासारख्या देशाला काटकसरीवाचून गत्यंतर उरले नाही.

काटकसरीची युक्ती १९९४ सालीच निघाली होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात एगेवांग व फ्रान्सिस ह्या दोघा अभियंत्यांनी एक टिपण प्रसिद्ध केले आणि घरातील किंवा कचेरीतील अनेक यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता कसा वापरता येईल हे दाखविले. ही तात्पुरती सोय आहे, असे त्यांनी स्वतःच म्हटले होते. तिला तीस वर्षे उलटून गेली. आज घरोघरीचा राउटर दुसरे-तिसरे काही करीत नसून हीच तात्पुरती सोय चालवीत असतो. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘नॅट’ असे आहे, आणि कन्सोलच्या पडद्यावर हेच नाव दिसते.

ती सोय कशी चालते हे समजण्यास सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजाराच्या इमारती डोळ्यांसमोर आणाव्यात. एकेका इमारतीत शेकडो गाळे असतात, पण रस्त्यावरून पाहता इमारतीचा पत्ता एकच. आता अशी एक इमारत कल्पावी, की जिच्या फाटकावर एक रखवालदार वही घेऊन बसला आहे आणि बाहेरच्या कोणासही आतील गाळ्यांचे क्रमांक ठाऊक नाहीत. गाळ्यातून एखादे पार्सल बाहेर निघाले की रखवालदार वहीत नोंद करतो: अमुक गाळ्याचे पार्सल, फाटकाच्या अमुक खिडकीतून, भिवंडीच्या अमुक व्यापाऱ्याकडे गेले. भिवंडीहून उत्तर त्याच खिडकीशी आले की वही पाहून तो ते नेमक्या गाळ्यात पोचवितो. परंतु ज्याची वहीत नोंद नाही असे पार्सल आपण होऊन दाराशी आले, तर ते कोणत्या गाळ्याचे हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. तो ते परत पाठवितो. खरे म्हणजे परतही पाठवीत नाही, टाकून देतो.

राउटर हाच तो रखवालदार. आतील कन्सोल, दूरचित्रवाणी, मोबाइल ह्यांना तो बहुधा १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होणारे खाजगी पत्ते देतो. हे पत्ते सुरतेतील लाखो घरांत एकसारखेच असतात आणि घराच्या भिंतीबाहेर त्यांना काडीची किंमत नसते. फाटकाच्या खिडक्या म्हणजे ‘पोर्ट’. त्यांची संख्या ६५,५३५ आहे. चौऱ्याऐंशी बंदरांचे वावटे आपल्या तापीकाठी फडकत असा अभिमान जुने सुरतकर बाळगीत. आज उधन्यातील साध्या घराच्या राउटरलाही त्याच्या कितीतरी पट बंदरे लाभली आहेत.

संकेतस्थळ पाहणे, चित्रपट पाहणे ह्या गोष्टींत प्रारंभ नेहमी घराकडून होतो. आधी मागणी जाते, मग उत्तर येते, आणि वहीत नोंद आधीच झालेली असल्याने राउटरची अडचण होत नाही. म्हणूनच ज्या घरात खेळ चालत नाही तेथे चित्रपट मात्र उत्तम चालतो, आणि जोडणीत दोष नाही असे कंपनीचा माणूस प्रामाणिकपणे सांगू शकतो. ज्या खेळांत सर्व खेळाडू कंपनीच्या मध्यवर्ती यंत्राशी बोलतात, तेथेही फारसे बिघडत नाही. परंतु अनेक खेळांत, आणि विशेषतः खेळाडूंच्या आपसांतील बोलण्यात, एक कन्सोल दुसऱ्या कन्सोलशी थेट संबंध जोडतो. मग जळगावच्या कन्सोलने आपण होऊन सुरतेच्या दारावर थाप मारण्याचा प्रसंग येतो. वहीत नोंद नाही. थाप वाया जाते.

दार कितपत उघडे आहे ह्यावरून एक्सबॉक्स तीन पायऱ्या सांगतो: ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट. प्लेस्टेशन ह्याच गोष्टीला टाइप १, २ आणि ३ म्हणतो. त्यांपैकी राउटरमागील घरात टाइप २ दिसला की समाधान मानावे, कारण टाइप १ हा राउटरवाचून थेट जोडलेल्या यंत्राचा असतो. एक्सबॉक्सच्या पायऱ्यांमध्ये एक गंमत आहे आणि ती ध्यानात आली तर पुष्कळ भांडणे मिटतील. ज्याचे दार ओपन आहे तो सर्वांशी खेळू शकतो. मॉडरेटवाला ओपन व मॉडरेट ह्यांच्याशी. स्ट्रिक्टवाल्याला मात्र फक्त ओपनवालाच भेटू शकतो. अर्थात दोघांपैकी एकाचे दार पुरते उघडे असले तरी भेट होते, कारण बंद दारामागचा माणूस स्वतः बाहेर पडून उघड्या दाराशी जाऊ शकतो. दोन्ही दारे बंद असली तर दोघेही आपापल्या घरात वाट पाहत बसतात. तेव्हा सुरतेच्या मुलाला जळगावचा भाऊ सापडत नसेल, तर दोष सुरतेचाच असेल असे नाही. जळगावच्या घरातील राउटरही एकदा पाहिला पाहिजे.

आता वर आणि खाली असलेल्या दोन यंत्रांच्या तंट्याकडे वळता येईल. एक्सबॉक्सने आपल्या कामासाठी ३०७४ ही खिडकी ठरवून घेतली आहे. प्रत्येक एक्सबॉक्स जगात कोठेही असो, प्रथम हीच खिडकी मागतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारखे लोकप्रिय खेळही हाच क्रमांक वापरतात, त्यामुळे एक एक्सबॉक्स आणि एक प्लेस्टेशन असलेल्या घरातही कधी कधी हाच पेच पडतो. फाटकावर ३०७४ क्रमांकाची खिडकी एकच आहे आणि एका खिडकीशी आलेले पार्सल एकाच गाळ्यास देता येते. वरच्याने ती आधी घेतली. खालच्याला मिळाली नाही. त्याच्या पडद्यावर ‘स्ट्रिक्ट’ उमटले. उद्या खालच्याने आधी यंत्र लावले तर पाळी वरच्याची. ज्या गोष्टीवरून दोन बिऱ्हाडे एकमेकांशी अबोला धरतात ती इतकी क्षुल्लक आहे.

ह्यावर योजलेल्या उपायाचे नाव ‘यूपीएनपी’. त्याच्या योगाने कन्सोल स्वतःच रखवालदाराशी बोलून खिडकी मागू शकतो. पहिला ३०७४ मागतो, त्याला ती मिळते. दुसरा तीच मागतो. ती गेली आहे असे राउटर सांगतो. मग दुसऱ्याने वेगळा क्रमांक मागावा, राउटरने तो द्यावा, आणि कन्सोलने आपल्या सोबत्यांना कळवावे की आपण अमुक खिडकीशी भेटू. राउटर व कन्सोल दोन्ही नीट वागले तर दोघेही ओपन होतात आणि कोणास काही करावे लागत नाही. काही जुन्या आणि स्वस्त राउटरांत मात्र हा संवाद बिघडतो. कोठे दुसऱ्याला नकाराचे उत्तरच दिले जात नाही, तर कोठे पहिल्याची नोंद खोडून तेथे दुसऱ्याची केली जाते, आणि चालू खेळातून वरचा मुलगा एकाएकी बाहेर फेकला जातो. राउटरचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने पुष्कळदा हे दुरुस्त होते. म्हणून पहिला प्रयत्न हाच असावा: राउटरच्या पानावर यूपीएनपी चालू आहे की नाही हे पाहावे, नसल्यास चालू करावे, आणि पूर्वी कोणी हाताने ३०७४ एखाद्या यंत्राच्या नावे कायमची लिहून ठेवली असल्यास ती नोंद पुसून टाकावी. ही शेवटची सूचना महत्त्वाची आहे. एका कन्सोलसाठी आखलेला जुना उपायच दुसऱ्याच्या मार्गात धोंड होऊन बसलेला अनेक घरांत आढळेल.

यूपीएनपीने काम भागले नाही तर हाताने नोंद करावी लागते. येथे दोन पथ्ये आहेत. एक, प्रत्येक कन्सोलचा घरातील खाजगी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा. राउटर हे पत्ते मुदतीने वाटतो आणि मुदत संपल्यावर बदलूही शकतो. पत्ता बदलला की कालची नोंद आज दुसऱ्याच गाळ्याकडे, कदाचित दूरचित्रवाणीकडे बोट दाखवू लागते. ‘कालपर्यंत चालत होते’ ह्या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. दोन, दोन्ही यंत्रांना वेगळ्या खिडक्या द्याव्यात. एक्सबॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये, प्रगत विभागात, पर्यायी पोर्ट निवडण्याची सोय आहे. वरच्याने ३०७४ ठेवावी, खालच्याने यादीतून दुसरा क्रमांक घ्यावा आणि तोच क्रमांक राउटरमध्ये त्याच्या पत्त्यासमोर लिहावा. ज्यांना यूपीएनपी चालू ठेवणे मान्य नाही त्यांनाही हा मार्ग उपयोगी पडेल.

ते मान्य नसणारे लोक अगदीच भित्रे असतात असे समजू नये. यूपीएनपी कोणासही संकेतशब्द विचारीत नाही. घरातील कोणतेही यंत्र, मग तो कन्सोल असो की बाजारातून आणलेला स्वस्त कॅमेरा असो, फाटकात खिडकी उघडून घेऊ शकते. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड सेव्हन ह्या सुरक्षा-संस्थेने जगभर पाहणी केली तेव्हा आठ कोटींहून अधिक पत्ते असे आढळले की जेथील उपकरणे घराबाहेरून आलेल्या यूपीएनपीच्या हाकेलाही ओ देत होती. रखवालदाराने आतील गाळेकऱ्यांचे ऐकावे हे ठीक. त्याने रस्त्यावरच्या वाटसरूचेही ऐकावे हा शुद्ध गाढवपणा होय. राउटर फार जुना असेल तर तो बदलणेच श्रेयस्कर. आणि त्याच्या व्यवस्थापनाचा कारखान्यातून आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने असे न बदललेले संकेतशब्द वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. तिच्या कर्त्यांचा मूळ व्यवसाय ‘माइनक्राफ्ट’ ह्या मुलांच्या खेळाच्या यजमान-यंत्रांभोवतीचा होता, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

ह्याच संदर्भात ‘डीएमझेड’ नावाच्या एका सोयीविषयी सावध केले पाहिजे. ज्याची नोंद नाही असे प्रत्येक पार्सल एका ठराविक यंत्राकडे पाठवावे, अशी आज्ञा त्यायोगे राउटरला देता येते. एका कन्सोलपुरता तिचा गुण तत्काळ येतो, म्हणून मित्रमंडळींत तिची शिफारस फार होते. परंतु ती एकाच यंत्राला देता येत असल्याने दोन कन्सोलांच्या तंट्यात तिचा काही उपयोग नाही, आणि पुढे तो खाजगी पत्ता चुकून वडिलांच्या हिशेबाच्या संगणकास मिळाला तर सगळ्या खिडक्या त्याच्यावर उघडतात.

इतके करूनही यश आले नाही, तर फाटक एकच आहे ना, हे पाहावे. कंपनीने बसविलेली काचतंतूची पेटी बहुधा स्वतःच राउटर असते. वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही म्हणून थोरल्या भावाने बाजारातून दुसरा राउटर आणला आणि तो तिच्यापुढे लावला, म्हणजे एका फाटकाच्या आत दुसरे फाटक झाले. कन्सोल आतील रखवालदाराकडून खिडकी मागून घेतो, पण बाहेरच्या रखवालदारास त्याची वार्ताच नसते. एक्सबॉक्स अशा वेळी ‘डबल नॅट’ अशी सूचना देतो. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरला केवळ ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून चालण्यास सांगावे, म्हणजे तो वायफाय देईल पण वही ठेवणार नाही. किंवा कंपनीच्या पेटीस ‘ब्रिज’ करवून घ्यावी. एका घरात वही एकच असावी.

तिसरे फाटक मात्र घरात नसते. पत्त्यांच्या टंचाईमुळे भारतातील अनेक ब्रॉडबँड कंपन्या आता ग्राहकाच्या राउटरलाही खरा पत्ता देत नाहीत. अनेक घरांना मिळून कंपनीच्या कचेरीत एक खरा पत्ता वापरला जातो आणि तेथे आणखी एक, फार मोठी, वही ठेवली जाते. ह्यासाठी २०१२ साली पत्त्यांचा एक वेगळा गठ्ठा राखून ठेवण्यात आला: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा. ओळखण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. त्याचा पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, किंवा ‘माझा पत्ता काय’ असे सांगणारे संकेतस्थळ निराळाच पत्ता दाखवीत असेल, तर तिसरे फाटक आहे असे समजावे. त्या फाटकावरील रखवालदार घरातल्या कन्सोलचे ऐकत नाही. यूपीएनपी, हाताने केलेल्या नोंदी, ह्यांतील कशाचाही आवाज तेथपर्यंत पोचत नाही, आणि तीनशेचे पाचशे मेगाबिट केले तरी पोचणार नाही.

अशा वेळी कंपनीकडे ‘सार्वजनिक पत्ता’ मागणे हा एक मार्ग. काही कंपन्या तो अधिक आकार घेऊन देतात, काही फक्त व्यापारी ग्राहकांस देतात. जोडणी घेण्यापूर्वीच हा प्रश्न विचारून ठेवणे शहाणपणाचे. कारण वेगाची जाहिरात भिंतीभिंतीवर होते, परंतु पत्ता खरा मिळणार की वाटून घेतलेला, हे ग्राहकाला कोणी आपण होऊन सांगत नाही. ज्या कुटुंबाने केवळ ह्या दुखण्यासाठी महागडी योजना घेतली त्याच्याकडून पैसे घेतले गेले, पण औषध दिले गेले नाही. ह्यात ग्राहकाचे अज्ञान आहे हे खरे. ते दूर करण्याची जबाबदारी मात्र विकणाऱ्याचीही आहे.

दुसरा मार्ग कालांतराने सर्वांचाच होणार आहे. पत्त्यांची सहावी आवृत्ती, म्हणजे ‘आयपीव्ही६’, १२८ द्विमान अंकांची आहे. तीत ३४० वर छत्तीस शून्ये द्यावीत इतके पत्ते आहेत, आणि प्रत्येक कन्सोलला स्वतःचा, जगात दुसरा कोठेही नसलेला पत्ता मिळतो. खिडक्यांचा तंटाच तेथे उरत नाही. ६ जून २०१२ रोजी तिचा जगभर औपचारिक आरंभ झाला, आणि पत्त्यांच्या दुष्काळात सापडलेला भारत आज तिचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांपैकी एक आहे. एक्सबॉक्सने २०१३ पासून ह्या पद्धतीस पाठिंबा दिला आहे. तथापि सर्वच खेळ आणि सर्वच यंत्रे तिचा लाभ घेत नाहीत, आणि दोन्ही टोकांना ती असल्याखेरीज उपयोग होत नाही. शिवाय पत्ता खरा मिळाला तरी राउटर अनोळखी पाहुण्यास अडवतोच, आणि तसे अडविणे योग्यही आहे. एवढे मात्र खरे, की राउटरमध्ये ही सोय बंद पडून राहिली असेल तर ती चालू करण्यास काही पैसे पडत नाहीत.

एका जुळ्या दुखण्याचा उल्लेख करावयाचा राहिला. कधी दोन्ही कन्सोल ‘ओपन’ असतात आणि तरीही एकाचा खेळ अडखळतो. येथे पत्त्याचा संबंध नाही. खालच्या मजल्यावर नवा खेळ उतरत असेल तर त्याच्या अजस्र गठ्ठ्यांमागे वरच्याचे चिमुकले निरोप रांगेत ताटकळतात. राउटरमध्ये खेळाच्या निरोपांना अग्रक्रम देण्याची सोय असल्यास ती वापरावी, नसल्यास उतरविण्याचे काम दुपारी उरकावे. लिंबायतसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची वायफाय एकमेकांवर आदळतात, जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकींना न छेदणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच आहेत. कन्सोलपर्यंत एक साधी तार ओढली तर हा सगळा गोंधळ टळतो. मात्र अंतराला उपाय नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईतील यंत्राशी जाऊन येण्यास त्याला तीनएक सहस्रांश सेकंद पुरतात, पण खेळाचे यजमान-यंत्र चार हजार किलोमीटरवरच्या सिंगापुरात असेल तर चाळीस सहस्रांश लागणारच, मग राउटर कितीही भारी असो.

उधन्याच्या त्या घरात, समजा, दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट झाला, जुन्या नोंदी पुसल्या, खालच्या कन्सोलला वेगळी खिडकी मिळाली, आणि तरीही पडद्यावर ‘स्ट्रिक्ट’ दिसते आहे. बहुधा यंत्रे झोपलेली असतात, बंद झालेली नसतात. झोपेतून उठलेला कन्सोल जुनीच वही खरी धरतो. एक्सबॉक्सची पुढची कळ दहा सेकंद दाबून धरावी म्हणजे तो पुरता बंद होतो. दोन्ही तसे बंद करावेत. राउटरची वीज काढून मिनिटभराने पुन्हा द्यावी आणि त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत. मग आधी वरचा कन्सोल लावून त्याची नेटवर्क चाचणी पुरी होऊ द्यावी, आणि त्यानंतरच जिन्यावरून खाली हाक मारून दुसरा लावण्यास सांगावे.